झाडांच्या कामाला गाडी घेताना



आपल्या घरांत गाडी घ्यायचं ठरलं की बायकांना एवढंच विचारतात, "रंग कुठला घेऊया?" बाकी सगळं आधीच बोलून झालेलं असतं. घरच्या गाडीपुरतं ते चालून जातं. पण गाडी धंद्यासाठी घ्यायची असली तर तिचा हप्ता घरखर्चातून जातो. ती वाटेत बंद पडली की पोरं अंधार पडेपर्यंत रस्त्यावर अडकतात, आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही म्हणजे मग थेट दुसऱ्या दिवशी सकाळीच जेवण. शिवाय ती कसला माल वाहते हे गाव बघत असतं. म्हणून या व्यवहारात आपण रंगाच्या पुढं जाऊन बोलावं असं मला वाटतं. आमच्याकडे यंदा असा विषय निघाला, त्याचा सगळा हिशोब आज मांडते.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा कृषी पदविका झालेला आहे. आठ वर्षं दुसऱ्याच्या नर्सरीत काम करून त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. बंगल्यांच्या बागा सांभाळायच्या, लॉन लावायचं, कारखान्यांच्या आवारात झाडं लावायची, तारांना लागणाऱ्या फांद्या उतरवायच्या, वादळात पडलेलं झाड हलवायचं. घर जयसिंगपूरजवळच्या खेड्यात आणि काम सांगली, मिरज, कुपवाड, कधीमधी कोल्हापूर. सुरुवातीला भाड्याचा टेम्पो बोलवायचे. एका फेरीला बाराशे ते पंधराशे रुपये, आणि मजूर आठला हजर तर टेम्पो अकराला. शेवटी स्वतःची गाडी घ्यायचं ठरलं. साठवलेले साडेचार लाख रुपये होते. एका रविवारी भाचा आणि भाचेसून वही घेऊन माझ्याकडे आले. मी १९८१ ची बी.कॉम. नोकरी केली नाही, पण घरातल्या सगळ्यांच्या कर्जाचे आणि ठेवींचे आकडे माझ्याकडूनच जातात. "मावशी, गाडी आम्ही बघतो, तू हिशोब बघ," तो म्हणाला.

वहीत चार गाड्या लिहिल्या होत्या. पाचवी वहीत नव्हती, ती बोलता बोलता निघाली.

पहिली होती घरचीच मॅटॅडोर. माझे मेहुणे, म्हणजे भाच्याचे वडील, याच गाडीतून भाजी सांगलीच्या बाजारात न्यायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून ती चिंचेखाली उभी आहे. भाचा गाडी शिकला तो तिच्यावरच. त्याला ती पुन्हा उभी करायची होती, आणि बहिणीलाही मनातून तेच हवं होतं.

आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो. हे मुळात जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या एका कंपनीचं नाव. तिच्या सहकार्यानं नवलमल फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी सुरू केली. फिरोदिया अहमदनगरचे, आपल्याच जैन समाजातले. आधी तीन चाकांचा टेम्पो आला आणि १९६९ पासून मॅटॅडोर. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, पण आपल्या तोंडी टेम्पोच राहिला. मॅटॅडोरचा मजला खाली असल्यामुळे माल चढवायला सोपा पडायचा. कुंड्या आणि रोपांसाठी याहून चांगलं काय? पण ती निघायची बंद होऊन पुष्कळ वर्षं झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर सांगाल तो भाग करून देतात हे खरं. तरी तिथल्या ओळखीच्या मिस्त्रींनी गाडी बघून अडीच-तीन लाखांचा अंदाज दिला, तोही इंजिन उघडायच्या आधी. वर थकलेला कर आणि वर्षानुवर्षं न झालेलं पासिंग.

दुसरी होती जुनी फोर-व्हील जीप, मागं ट्रॉली लावून. चिखलात, उतारावर जीप कुठंही जाते. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या तेव्हापासून आपल्या लोकांना जीपचं वेड आहे. पण जीपमध्ये माल मावत नाही. ट्रॉली लावायची तर तिचीही वेगळी नोंदणी लागते. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीतून धंद्याचा माल नेताना अपघात झाला तर विम्याच्या वेळी भांडत बसायचं. भाच्यानं ती वहीत का लिहिली हे भाचेसुनेनं मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "मावशी, ती त्यांना आवडते म्हणून."

तिसरी जुनी टाटा ४०७. ही १९८६ मध्ये आली. त्या वेळी जपानी कंपन्यांशी भागीदारी करून नव्या छोट्या ट्रक बाजारात येत होत्या, त्यांच्यासमोर टाटांनी ही उभी केली. ती आजही नवी निघते. म्हणून दहा-बारा वर्षांची जुनी घेतली तरी सामान तालुक्याच्या गावात मिळतं आणि हात लावणारा मिस्त्री कुठंही भेटतो. चौथी नवी कोरी पिकअप, साडेदहा लाखांची, त्यातले आठ लाख कर्जाचे.

आता पाचवी. एका वखारवाल्यानं भाच्याला सांगितलं होतं, "मोठी गाडी घे. सुरुवातीच्या पैशाला मी हात लावतो. महिन्याला वीस खेपा लाकडाच्या माझ्याकडून पक्क्या." हे सांगताना भाचा माझ्याकडे बघत नव्हता.

मी लगेच काही बोलले नाही. एवढंच म्हटलं की महिनाभर भाड्याच्याच गाडीवर काम करा आणि रोज संध्याकाळी तीन गोष्टी लिहा. गाडीत काय घातलं, हौदा किती भरला, किती किलोमीटर झाले. भाचेसुनेनं एक दिवस न चुकता लिहिलं.

महिन्याचे कामाचे दिवस २६. त्यातले सहा दिवस माती आणि शेणखत. नऊ दिवस फांद्या आणि पालापाचोळा. उरलेले अकरा दिवस फक्त रोपं, कुंड्या, गवत कापायचं यंत्र, शिडी आणि माणसं. रोजचं अंतर सरासरी ३८ किलोमीटर. अख्ख्या महिन्यात मोठं झाड उचलायचं काम एकदाच आलं, आणि त्यासाठी हायड्रा लागणारच होता. तो भाड्यानं मिळतो. जे रोज लागतं ते विकत घ्यावं, जे वर्षातून चारदा लागतं ते भाड्यानं आणावं. आपण लग्नकार्याची मोठी पातेली विकत घेतो का?

या वहीवरून एक गोष्ट मला नव्यानं कळली. माती वजनानं भरते आणि फांद्या आकारानं. ओली माती एका घनफुटाला ४५ ते ५० किलो भरते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे साडेचार टनांच्या पुढं. ४०७ चा हौदा दहा बाय सहा फुटांचा धरला आणि दीड फूट उंचीपर्यंत मातीनं भरला तर ९० घनफूट होतात, म्हणजे चार टनांच्या वर. आणि त्या गाडीची क्षमता मॉडेलप्रमाणे सव्वादोन ते अडीच टन. म्हणजे डोळ्यांना जो हौदा जेमतेम भरलेला दिसतो, तो जवळजवळ दुप्पट भार असतो. तिच्यात अर्धा ब्रास घालायचा आणि थांबायचं. पिकअपमध्ये त्याहून कमी. पाण्याची हजार लिटरची टाकी म्हणजे टाकीचं वजन सोडून पुरा एक टन. फांद्यांचं उलट. हौदा डोंगरासारखा भरतो, दोरी बांधायला माणूस वर चढतो, आणि वजन टनभरही होत नाही. तिथं उंच फाळके आणि लांब हौदा कामाला येतो.

आपण दशलक्षणात तत्त्वार्थसूत्र वाचतो. सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे अतिचार येतात, त्यात अतिभारारोपण आहे. ते बैलाबद्दल आहे हे मला ठाऊक आहे. गाडीला जीव नाही. पण दुप्पट माती भरलेल्या गाडीचा ब्रेक लागला नाही तर पुढं जो सायकलवाला असतो त्याला आहे, आणि फाळक्यावर बसलेल्या मजुरालाही आहे. मी भाच्याला सांगितलं, आर.सी. बुकावरचं वजन हे आपलं व्रत समज. आणि मजूर हौद्यात मालावर बसणार नाहीत, केबिनमध्ये मावतील तेवढेच येतील, बाकीचे दुचाकीवर.

आता पैशाचं. आठ लाख रुपये, पाच वर्षं, ११ टक्के व्याज. हप्ता येतो सुमारे १७,४०० रुपये. पाच वर्षांत बँकेत भरायचे जवळजवळ १० लाख ४४ हजार, म्हणजे व्याजच २ लाख ४४ हजारांच्या घरात.

जुन्या ४०७ ला हप्ता नाही, पण ती डिझेल जास्त पिते. ३८ किलोमीटर रोज, २६ दिवस, म्हणजे ९८८ किलोमीटर. लिटरला आठ धरले तर १२३ लिटर, नव्वदच्या दरानं ११,१०० रुपये. नवी पिकअप लिटरला बारा देते असं धरलं तर ७,४००. म्हणजे जुनीला महिन्याला ३,७०० जास्त. शिवाय दुरुस्तीसाठी दर महिन्याला सहा हजार बाजूला टाकायचे, काम निघो न निघो. दोन्ही मिळून ९,७००. नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा ७,७०० कमी. नव्या गाडीचा विमाही जास्त, तो मी धरलेला नाही. आणि जुनी गाडी घरी उभी राहिली तर डिझेल लागत नाही. हप्त्याला रविवार नसतो.

इथवर हिशोब झाला. पण खरी अडचण वेगळीच होती आणि ती बहिणीच्या सासूबाईंनी बोलून दाखवली. त्या ८४ वर्षांच्या आहेत. म्हणाल्या, "झाडं तोडायचा धंदा आपल्या घरात?"

प्रश्न बरोबर होता. वनस्पती म्हणजे एकेंद्रिय जीव, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. पण आपण दक्षिण महाराष्ट्रातले जैन मुळात शेतकरी. भगवान आदिनाथांनी शिकवलेल्या सहा कर्मांत कृषी आहेच. द्राक्षबागेची छाटणी आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या होते. गृहस्थाला उद्योगी हिंसा पूर्ण टळत नाही, संकल्पी हिंसा टाळता येते आणि विनाकारण होणारी तर टाळलीच पाहिजे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात प्रमादचर्येत दोन गोष्टी शेजारी शेजारी येतात. गरज नसताना वनस्पती तोडणं, आणि गरज नसताना हिंडणं व हिंडवणं. झाडांच्या कामाला गाडी घेणाऱ्यानं हे वाचावंच.

मी आजींना म्हटलं, फांदी उतरवणं, वाळकं झाड हलवणं, नवं लावणं हा एक धंदा आणि उभं झाड पाडून लाकूड विकणं हा दुसरा. कुठला करायचा हे पोरं मनानं ठरवतील, पण पुढं गाडी ठरवेल. त्यांना ते पटकन कळलं. त्यांनी आयुष्यभर सोसायटीचं कर्ज बघितलेलं आहे.

मोठी गाडी घेतली आणि वखारवाल्याचे पैसे तिच्यात अडकले, तर ज्या महिन्यात बागेचं काम कमी त्या महिन्यात तो सांगेल ते झाड पाडावं लागणार. शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानं वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. पन्नास वर्षांवरच्या झाडांना २०२१ पासून वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण आहे. सागवानासारखं लाकूड नेताना वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. हे सगळं भाच्याला माहीत होतं. पण हप्त्याची तारीख जवळ आली की माणूस परवानगीचा कागद नीट वाचत नाही, समोरचा "आहे" म्हणाला की कुऱ्हाड घेऊन निघतो. आजी शेवटी एवढंच म्हणाल्या, "मग बिनकर्जाची घ्या."

४०७ शोधायला दोन महिने गेले. भाचा, उद्यमनगरचे मिस्त्री आणि हट्टानं मी. मिस्त्रींकडून शिकले ते सांगते. गाडी बघायला जायच्या आधी विकणाऱ्याला सांगावं की इंजिन चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावायचा. गरम लागला तर काहीतरी झाकलंय असं धरायचं. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या चावीला लागलं पाहिजे. काळा धूर आला तर डिझेलचं किंवा एअर फिल्टरचं काम, ते परवडतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, ते महागात जातं. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसला तर तिथून निघायचं. मग गाडीखाली वाकून चेसिस बघायची, विशेषतः पाटे जिथं बसवलेले असतात तिथं. तिथं वेल्डिंगची जोड दिसली तर त्या गाडीनं आयुष्यभर जादा भार वाहिलाय. आम्ही पाहिलेल्या पहिल्या तीन गाड्या तिथंच गेल्या. त्यातली एक नुकती रंगवलेली होती आणि फार सुंदर दिसत होती.

चौथी अकरा वर्षांची, एका बिस्किटांच्या व्यापाऱ्याकडची. हलका माल वाहिलेली, रंग उडालेला, चेसिस स्वच्छ. ३ लाख ६० हजारांना ठरली. दोन टायर, क्लच प्लेट आणि उंच फाळके यांना ५५ हजार लागले. उरलेले ३५ हजार दुरुस्तीच्या खात्यात टाकले.

कागद मी बघितले. बँकेचा बोजा उतरलाय का, कर कुठपर्यंत भरलाय, पासिंग कधी संपतं, विमा चालू आहे का. मालवाहू गाडीचं पासिंग पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. आठ वर्षांनंतर पर्यावरण करही लागतो. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचं शुल्क २०२२ पासून बरंच वाढलंय, म्हणून इतकी जुनी घेऊ नये. गाडीचं एकूण वजन ३००० किलोच्या वर असेल तर परमिट लागतं, ४०७ ला ते घ्यावं लागलं. लायसन्सची मात्र अडचण आली नाही. ७५०० किलोपर्यंतची मालगाडी साध्या चारचाकीच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं आहे. त्यामुळे भाचेसूनही चालवते. पहिल्यांदा ती बसदीसमोरून ४०७ घेऊन गेली तेव्हा अभिषेकाला आलेल्या बायका बाहेर येऊन बघत होत्या.

आता आठ महिने झाले. दुरुस्तीला ३१ हजार लागले, म्हणजे बाजूला टाकलेल्यापेक्षा कमी. सेल्फ गेला, एकदा पाट्याचं पान तुटलं, रेडिएटर साफ करावा लागला. दोन दिवस गाडी बंद होती आणि भाड्याचा टेम्पो आणावा लागला.

मे महिन्यात कुपवाडच्या एका कारखान्यात झाडाच्या फांद्या उतरवायचं काम होतं, चौदा हजारांचं. वर चढलेल्या पोराला कावळ्याचं घरटं दिसलं, आत पिल्लं होती. भाच्यानं तीन आठवडे मागितले. मालकांना तारा मोकळ्या हव्या होत्या, त्यांनी काम दुसऱ्याला दिलं. चौदा हजार गेले आणि घरटंही गेलं. भाचा त्या रात्री फार गप्प होता. मी त्याला एवढंच विचारलं की या महिन्यात कुणाचं देणं आहे का. नव्हतं. हप्ता असता तर त्यानं मुदत मागितली असती का, हे त्याचं त्यालाच माहीत.

मॅटॅडोर अजून चिंचेखालीच आहे. ती नोंदणीकृत केंद्रात भंगारात द्यावी असं आकडे सांगतात. बहिणीकडे तो विषय मी काढलेला नाही, कारण तिथं माझी वही चालत नाही. मेहुण्यांच्या हातचा जॅक आणि पाने तेवढे ४०७ मध्ये गेले आहेत.

तुमच्या घरात कुणी असं काम सुरू करत असेल तर आधी महिनाभर वही लिहायला लावा. जड काय आणि अवजड काय ते वेगळं काढा. नव्या गाडीचा हप्ता आणि जुनीची दुरुस्ती शेजारी शेजारी मांडा, डिझेलसकट. गाडी बघायला स्वतः जा, थंड बॉनेटला हात लावा. आणि पोराला एकट्याला गाठून एक प्रश्न विचारा, "या गाडीच्या हप्त्यासाठी तुला कुठलं काम नाकारता येणार नाही?" त्याचं उत्तर ऐकल्याशिवाय सहीला बसू नका. रंग नंतर बघता येतो. आमचीचा अजून उडालेलाच आहे.

जय जिनेंद्र.